जिज्ञासा ऑनलाइन होती

गुरुवारी साडेअकराच्या सुट्टीत विनिताने लॉकर उघडून फोन बघितला, तेव्हा जिज्ञासाच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीसाठी घरातून निघतानाही तेच दिसलं होतं. तेव्हा तिकडे इंग्लंडात रात्रीचा एक वाजला होता. आता तिथे सकाळचे सहा. म्हणजे पोरगी रात्रभर जागी होती.

"जिगू, झोपली नाहीस का गो?" तिने लिहिलं. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

विनिता मोरिवलीच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. घर तिथून चालत दहा मिनिटांवर, जुन्या गावठाणात. जिज्ञासा तिची एकुलती एक. सप्टेंबरात ती पब्लिक हेल्थच्या एम.एससी.ला गेली आणि तेव्हापासून रोज आईला आपल्या आवाजात मेसेज पाठवायची. कधी चढणीवर चालताना, दम लागलेला. कधी भाजी परतताना, मागे कढईचा आवाज. विनिता ते डबा खाता खाता ऐकायची. मंगळवारपासून एकही आला नव्हता. बुधवारी फक्त एक इंग्रजी ओळ आली: मी ठीक आहे, अभ्यासात आहे, कृपया काही दिवस फोन करू नये.

"परीक्षा असेल," तिचा नवरा कमलेश काल म्हणाला होता. तो बदलापूरहून कंपनीच्या कामगारांची बस आणायचा. "लिहिलंय ना ठीक आहे म्हणून? मग कशाला मागे लागतेस?"

"ती मला इंग्रजीत कधी लिहिते का?"

"आता तिकडे राहते. सवय लागली असेल."

विनिताने पोळीचा एक तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला तर समोरून कट झाला. घंटा झाली तशी तिने फोन लॉकरमध्ये ठेवला आणि लाइनवर जाऊन उभी राहिली. गोळ्यांच्या स्ट्रिप सरकत्या पट्ट्यावरून पुढे येत होत्या. तिने एका खोक्यात दहाऐवजी नऊच भरल्या, पुढच्यात अकरा. शेजारच्या बाईने एक काढून दुसऱ्यात घातली.

दीडच्या चहाच्या वेळेला तिने पुन्हा बघितलं. ऑनलाइन. ती चहाला गेलीच नाही. सरळ वर क्वालिटीच्या ऑफिसात मीनलकडे गेली. मीनल चोवीस-पंचवीस वर्षांची, लॅबमध्ये होती, आणि जिज्ञासाचा व्हिसाचा फॉर्म भरताना तिने मदत केली होती.

"मीनल, तिच्या कॉलेजला फोन करायचाय. मला नंबर काढून दे."

"काय झालं, काकू?"

विनिताने सांगितलं. सांगताना तिलाच ते फार काही वाटेना. मुलगी बोलत नाही, आणि रात्रभर ऑनलाइन दिसते. एवढंच. पण मीनल हसली नाही. तिने कॉम्प्युटरवर युनिव्हर्सिटीची साइट उघडली. विद्यार्थ्यांना अडचण आली तर कुठे जायचं, त्याचं एक अख्खं पान होतं आणि तळाला चोवीस तास चालणारा सिक्युरिटीचा नंबर. तिकडे आठ वाजून गेले होते. विनिताच्या फोनवर परदेशी कॉलची सोय नव्हती, मीनलने तिथल्या तिथे रिचार्ज मारला.

नंबर लावण्याआधी विनिताने कमलेशला कळवलं. तो एकदम चिडला.

"वेडी झालीस काय? सिक्युरिटी म्हणजे पोलिसांसारखेच ते. उद्या तिच्या नावावर काहीतरी लागलं, तर तिचं शिक्षण राहील बाजूला. ती तरी काय म्हणेल?"

"म्हणू दे."

"थांब जरा, संध्याकाळपर्यंत बघू."

"नाही थांबवत मला," विनिता म्हणाली आणि फोन ठेवला.

"मी बोलू?" मीनलने विचारलं.

"नको. मी बोलते. अडले तर सांग."

तिकडून एका माणसाचा आवाज आला. विनिताने आपलं नाव, मुलीचं नाव, होस्टेलचं नाव सांगितलं. तिचं इंग्रजी बारावीपर्यंतचं आणि खोक्यांवरच्या छापील सूचनांचं. तो माणूस शांतपणे म्हणाला की विद्यार्थिनी सज्ञान आहे, तिच्याबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही.

"डोन्ट टेल मी," ती म्हणाली. "ओन्ली गो. ओन्ली सी हर."

मग त्याने विचारलं, तुम्हाला नक्की कसली काळजी वाटतेय?

"होल नाइट शी इज अवेक. अँड शी इज नॉट टॉकिंग लाइक माय डॉटर."

त्याने ते लिहून घेतलं असावं. विनिताचा नंबर विचारून घेतला, आणि म्हणाला, आम्ही तिच्या दारापर्यंत जाऊन येतो.

फोन ठेवल्यावर विनिताला बसवेना. तिने सुपरवायझरला सांगून उरलेली पाळी सोडली. गेटबाहेर आली. घरी जावं तर घरात सासूबाई विचारणार, म्हणून ती उलट्या दिशेने चालायला लागली. दोन कंपन्यांच्या भिंतींमधून, टँकरच्या रांगेच्या कडेने, नाक्यापर्यंत. तिथून परत. एका रिक्षावाल्याने विचारलं, "स्टेशन?" तिने मान हलवली. पुन्हा नाक्यापर्यंत. मनात काय काय येत होतं. पडली असेल. कोणी खोलीत कोंडलं असेल. किंवा खरंच अभ्यास करत असेल आणि आता दारात गणवेशातला माणूस बघून तिचा जीव जाईल. हे शेवटचं खरं असावं, असं ती स्वतःशी म्हणत होती.

अडीचच्या पुढे फोन वाजला. युनिव्हर्सिटीतल्या एका बाईचा आवाज, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तुमची मुलगी सुरक्षित आहे. ती माझ्याजवळ बसली आहे. तिनेच तुम्हाला हे सांगायला परवानगी दिली आहे.

"आय टॉक?"

आता नको म्हणते, बाई म्हणाली. तिला थोडा वेळ द्या.

विनिता नाक्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. रडू आलं नाही. मुलगी जिवंत आहे आणि आपल्याशी बोलायचं नाही म्हणते, या दोन गोष्टी तिला एकत्र धरताच येईनात.

संध्याकाळी तिने कमलेशला सांगितलं. तो हातपाय धुऊन आला, जेवला नाही, आणि अर्ध्या तासाने म्हणाला, "म्हणजे होतं काहीतरी."

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दुपारी जिज्ञासाचा फोन आला. पहिलं वाक्य रागाचं होतं.

"आई, तू सिक्युरिटी पाठवलीस. अख्ख्या मजल्याने बघितलं."

"हो, पाठवली."

"तुला काय माहीत होतं?"

"काहीच माहीत नव्हतं, गो."

मग जिज्ञासा हळूहळू बोलायला लागली. सोमवारी दुपारी एका माणसाचा फोन आला होता. पोलीस आहे म्हणाला, हिंदीत, मध्येमध्ये इंग्रजी. त्याला तिचा पासपोर्ट नंबर पाठ होता. तुझ्या नावाच्या पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय, तुझ्यावर भारतात केस झालीय, व्हिसा रद्द होईल. तपास होईपर्यंत व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. खोलीबाहेर जायचं नाही. झोपतानाही कॅमेरा तोंडासमोर. कोणाला काय लिहायचं तेही तोच सांगायचा.

"तीन दिवस?" विनिताने विचारलं.

"तीन दिवस. बिस्किटं खात होते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत फीचे सगळे पैसे त्याला पाठवायचे होते. पाठवलेच असते मी."

"अगो, मला एक फोन..."

"त्याने मोरिवलीचा पत्ता वाचून दाखवला, आई. घर नंबरासकट. म्हणाला, बोललीस तर आईवडिलांना आजच उचलतो." ती रडायला लागली. "तू फोन करत होतीस आणि मी कट करत होते. मला वाटलं, उचलला तर तुम्ही जाल आत."

विनिताने भिंतीला पाठ टेकवली.

"दार वाजलं तेव्हा तो म्हणाला, उघडू नको, हे पार्सल पाठवणाऱ्यांचेच लोक आहेत. मी उघडलंच नाही. मग बाहेरून ती बाई म्हणाली, तुझ्या आईने भारतातून फोन केलाय. ती म्हणते, तू तिच्या मुलीसारखी बोलत नाहीस. ते कोणी खोटं सांगूच शकलं नसतं."

कमलेश केव्हाच येऊन शेजारी उभा होता. त्याने फोन मागितला, कानाला लावला, आणि नुसतं "बाळा" म्हणून परत विनिताकडे दिला.

"तू परत ये," विनिता म्हणाली. हे बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"नाही येणार. पण मला त्या खोलीत झोपवत नाही. रिद्धीकडे आहे, वरच्या मजल्यावर. नाशिकची आहे ती. फोन वाजला की मला अजून थरथरतं. तिने माझ्या फोनची रिंगच बंद करून टाकलीय."

"आणि ती बाई?"

"सपोर्टवाली, कॉलेजच्या मदत कक्षातली. तिने पोलिसांत तक्रार करायला मदत केली, बँकेला कळवलं, असाइनमेंटला मुदतवाढ मिळवून दिली. सोमवारी काउन्सेलरकडे जायचंय. आल्यापासून त्यांचे मेल येत होते, आई. मी एकही उघडला नव्हता. वाटायचं, हे दुसऱ्यांसाठी असतं."

सोमवारी विनिताची दुसरी पाळी होती. आत जायच्या वेळेला जिज्ञासाने फोन केला. काउन्सेलरच्या ऑफिसकडे एकटीने निघाली होती, आणि पोहोचेपर्यंत आईने बोलत राहावं असं तिला वाटत होतं. विनिता गेटशी थांबली. बोलण्यासारखं फारसं नव्हतं. पावलांचा आवाज येत होता, वारा येत होता, मध्ये एक बस गेली. घंटा झाली. बायका तिच्या बाजूने आत जाऊ लागल्या. तिने हात हलवून त्यांना पुढे व्हायला सांगितलं.

"आलं," जिज्ञासा म्हणाली. "आतमध्ये बरीच मुलं बसलीयेत."

"जा मग."

"तू ठेव आधी."

"नाही, तू जा. मी ऐकते."

दार ढकलल्याचा आवाज आला. कोणीतरी तिचं नाव विचारलं, आणि तिने ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.