गाठ बुजवलेले वल्हे

मी एक जुने वल्हे आहे. जुने आणि अर्धे. माझे पाते वुलर सरोवराच्या लाटांनी कुठे नेले, मला ठाऊक नाही. उरला तो हा दांडा. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू हळव्या होतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे आणि तो राग लपवणार नाही.

मला घडवणाऱ्याचे नाव रमजान छान. आमच्या काश्मिरात सुताराला छान म्हणतात. तुमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे कळले तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली.

वुलरवर शिंगाडे काढणारी राहती त्याच्याकडे वल्ह्याचे लाकूड निवडायला आली, त्या दिवशी मी त्याच्या पडवीत भिंतीला टेकून उभा होतो. मी तेव्हा देवदाराची एक फळी होतो. राहतीला लाकूड कळत होते. तिने एकेक फळी डोळ्यासमोर धरून तिची धार पाहिली, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, रेषा सरळ जातात की वळतात ते पाहिले. मला उचलले आणि लगेच खाली ठेवले.

"हिला गाठ आहे, रमजान काक. नेमकी मानेपाशी येईल. पातं इथंच तुटेल."

माझ्या शेजारच्या फळीवर तिने कोळशाने फुली मारली. आपल्या हनुवटीपर्यंत उंची मोजून दिली आणि गेली. मला वाईट वाटले नाही. तिने योग्य तेच केले होते. माझा एखादा पाट झाला असता, चुलीपुढे सुखाने पडून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी श्रीनगरहून हाऊसबोटवाल्याचा माणूस आला. त्याला दाराच्या चौकटीसाठी लांब, सरळ देवदार हवा होता. रमजानने फुली मारलेली फळी त्याला देऊन टाकली. मग इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. मला तासले, बदामाच्या आकाराचे पाते कोरले. गाठीतला कुजका भाग उकरून तिथे सरसात कालवलेला भुसा ठासला. वर पॉलिश कागद, वर जवसाचे तेल. शेवटी दांड्याच्या टोकाला कोळशाने एक फुली, राहतीने मारली होती तशीच. मी ओरडलो असतो, पण लाकडाला तोंड नसते.

राहतीने मला हातात घेतले आणि ती हरखली. "वल्हं असावं तर असं!" असे ती घाटावर साऱ्याजणींना सांगत सुटली. मित्रांनो, खोटे कौतुक ऐकून घेण्यासारखी शिक्षा नाही. ती मला रोज पुसायची, सावलीत ठेवायची, महिन्याला तेल द्यायची. इतकी निगा एखाद्या सच्च्या वल्ह्याला मिळायला हवी होती.

दोन वर्षे मी तग धरला. तिसऱ्या शरदात राहती आणि तिची धाकटी नणंद मुख्ता शिंगाडे काढायला सरोवरात लांबवर गेल्या होत्या. होडी काठोकाठ भरली होती. परतताना मुख्ताने कान टवकारले.

"वहिनी, वल्हं कुरकुरतंय गं."

"तुझ्यासारखंच आहे ते. काम पडलं की कुरकुर!"

दोघी हसल्या. मी बोलत होतो, जीव तोडून बोलत होतो, आणि त्या हसत होत्या.

मग दुपारचा वारा उठला. वुलरचा वारा वेळ देत नाही. पाण्याचा रंग बदलला, लाटा होडीच्या कडेवर आपटू लागल्या. राहतीने होडीचे नाक वाऱ्याकडे वळवायला मला सगळ्या ताकदीने ओढले, आणि मी मानेपाशी काडकन मोडलो. होडी लाटांना आडवी झाली. होडी हलकी करायला मुख्ता शिंगाड्यांचे पोते बाहेर ढकलू लागली, ती पोत्यासकट पाण्यात गेली.

राहतीने पालथे पडून माझा दांडा पुढे केला. "धर! सोडू नकोस, मुख्ता!"

मुख्ताच्या हाती आले माझे मोडके टोक. माझ्या कुसळांनी तिचा तळवा फाडला, तरी तिने मला सोडले नाही. राहतीने तिला वर ओढले, होडीत पायाखाली टाकलेली सुटी फळी उचलली आणि तिनेच पाणी कापत कशीबशी वाळुंजांच्या झाडीत होडी घातली. उरलेली पोतीही फेकावी लागली, सारे पीक तळाला गेले. मुख्ताच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या दिवसापासून मिटत नाहीत.

चौथ्या दिवशी राहती मला घेऊन रमजानच्या पडवीत उभी राहिली. बरोबर मुख्ता होती आणि घाटावरच्या बाया होत्या.

"पोरी, लाकूड आहे ते," रमजान हुक्का ओढत म्हणाला. "वादळात होडी फुटते, वल्ह्याचं काय घेऊन बसलीस?"

राहतीने ओढणीची टाचणी काढली आणि माझ्या मोडक्या टोकात खुपसली. भुसा भुरुभुरु खाली पडला.

"काक, देवदाराच्या पोटात भुसा कधीपासून उगवायला लागला?"

रमजानने हुक्का बाजूला ठेवला. "त्या हाऊसबोटवाल्याला घाई होती. दाराला सरळ फळी हवी होती."

"दाराला! दार बुडतं का कधी?"

"तुम्ही बायका काठाकाठानंच फिरता. म्हटलं, चालून जाईल. जाऊ दे, तुला नवं देतो. फुकट देतो."

तेव्हा मुख्ताने हाताची पट्टी सोडली. "हे पण नवं देतोस का, काक?"

मग बाया घरोघर गेल्या आणि रमजानने केलेली आपापली वल्ही घेऊन आल्या. राहतीने एकेका वल्ह्याची मान खरवडली. नऊपैकी तिघींच्या वल्ह्यांत भुसा निघाला. त्यातले एक गरोदर बाईचे होते. ती तीन वल्ही बायांनी त्याच्याच उंबऱ्यावर आपटून मोडली. तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा बरे वाटले.

आता तिथे वल्हे अंगणात, उजेडात तासले जाते. जिचे वल्हे, ती समोर बसते, आणि पूर्ण होईपर्यंत उठत नाही. रमजान खाली मान घालून काम करतो. मी त्याला क्षमा केलेली नाही. मुख्ताने केली की नाही, ते तिचे तिला ठाऊक.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही ना काही घडवाल. हातून चूक झाली तर झाली म्हणा, लाकूड वाया गेले तर जाऊ द्या. पण गाठ बुजवून वर तेल लावू नका. आणि कुठे गाठ दिसली, कुठे कुरकुर ऐकू आली, तर हसण्यावारी नेऊ नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.