अमावस्येचं शून्य

ते शून्य मीच पकडलं होतं, म्हणून पहिले दोन दिवस माही लय फुशारकी चालली. मी आचल, तिवस्याची. अमरावतीले संख्याशास्त्र शिकते. दोन महिने अकोल्याच्या एका कापूस संशोधन केंद्रात इंटर्नशिप होती. काम काय, तर गोदाबाईच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. गोदाबाई केंद्राच्या शेतात मजुरीले. रोज सकाळी सापळ्यात अडकलेली बोंडअळीची पाखरं मोजते आन् वहीत लिहिते. असे अकरा हंगाम.

दर महिन्यात एक दिवस शून्य, आन् दुसऱ्या दिवशी आकडा एकदम तिप्पट. मी माह्यावर देखरेख करणाऱ्या शेखर सरांले दाखवलं. सर म्हणाले, "बाई घरी बसून आकडे लिहिते. परवा अहवाल जाणार, तिच्या वह्या वगळ." मले शाबासकी भेटली.

पण वगळायले बसले आन् हात चालेना. अकरा वर्षं पुसायची, तर एकदा विचारावं तरी. शेतात गेले.

"मावशी, हे शून्य काहून?"

"अमावस्येले आमी वावरात पाय ठेवत नाही. मोजलीच नाही त शून्यच लिहीन ना? दुसऱ्या दिवशी दोन्ही रातीची मोजतो."

माही मलेच लाज वाटली. अमावस्येले माहा बापही वखर धरत नाही, आन् हे मले सुचू नये? शिकून शहाणी झाले म्हणतात ते हेच.

परत येऊन ते आकडे दोन रातींत वाटले. तरी अमावस्येजवळ आकडा चढलेलाच. मग आलेख काढला. अमावस्येले रेघ वर, पुनवेले खाली. एखाद-दुसरा महिना सोडला तर अकराही हंगाम तसंच. आभाळातल्या चांदाची आन् वावरातल्या पाखराची सांगड एका बाईनं बोटांवर मोजून ठेवली होती. खरं सांगते, रडूही आलं.

शेखर सरांले आलेख दाखवला, त्यांनी एकेक हंगाम तपासला. "वह्या राहू दे," एवढंच म्हणाले.

मी गोदाबाईले बोलावून आणलं. तिनं मातीचा हात पदराले पुसला, रेघेवरून बोट फिरवलं. मी सांगितलं, "मावशी, पाखरं चांद पाहून येतात, अंधाऱ्या राती जास्त. तुमच्या वह्यांनी दाखवलं."

"ते त मले ठाऊकच होतं," ती म्हणाली. "अकरा वर्षांत कोनी विचारलं नाही."