खिशातली झीज

सनियाने बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावरच्या हिरव्या कापडावर उपडा केला आणि म्हणाली, "झकीचाचा, खरं सांगा. माझा बाप चोर होता का?"

अताबाच्या बाजारात जुनी नाणी विकणाऱ्याला असं कोणी विचारत नाही. मला तर मुळीच नाही. फारोच्या धोब्याच्या खिशात राहून गेलेलं नाणं मी एका आठवड्यात तिघा प्रवाशांना विकलेलं आहे. अजून साबणाचा वास येतो म्हटल्यावर तिघांनीही ते हुंगलं होतं.

"आधी चहा घे."

"चहा नको. परवा बाबांचा चाळिसावा दिवस आहे. टांकसाळीतले सगळे सोबती येणार. हम्दी म्हणतो, डबा नाईलमध्ये टाक आणि गप्प बस. मी कुठल्या तोंडानं त्यांना कॉफी देऊ?"

"भावाला सोडून माझ्याकडे बरी आलीस."

"बाबा म्हणायचे, झकी गोष्ट खोटी सांगतो, पण नाण्यात काय आहे ते खरं सांगतो."

तिचा बाप बयूमी टांकसाळीत तपासनीस होता. पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या नाण्यांतली सदोष नाणी वेचायची आणि वितळवायला पाठवायची, हे त्याने पस्तीस वर्षं केलं. सुटताना फाटकावर झडती व्हायची; भाकरीतला घेवडासुद्धा उकरून बघत. आणि मेल्यावर त्याच्या कपाटात निघाली ती नेमकी सदोष नाणीच.

मी भिंग लावलं. एकाचा ठसा सरकलेला, एक पिरॅमिड काठाबाहेर गेलेला. दुसऱ्यावर ठसा दोनदा पडलेला, ससाण्याला दोन चोची. तिसऱ्यावर साचा तडकल्याची केसाएवढी रेघ. चौथं मी बाजूला सारलं.

"ही टांकसाळीची चूक नव्हे. पकडीत चेपलेलं नाणं आहे. कुणीतरी तुझ्या बापाला बनवलंय."

"बनवलंय? म्हणजे त्यांनी विकत घेतलं?"

"आता हे बघ. ससाण्याची छाती सपाट झालीय, काठ गुळगुळीत. हे वर्षानुवर्षं लोकांच्या खिशांतून फिरलेलं आहे. टांकसाळीतून उचलून थेट डब्यात टाकलेलं नाणं असं झिजत नाही."

तिने ते नाणं उचलून बोटाने त्याचा काठ चाचपला.

"शुक्रवारी ते बसच्या आगारात जायचे," ती म्हणाली. "कंडक्टरांच्या पिशव्या चाळायला. वाण्यानं दिलेली मोड दिव्याखाली धरून बघायचे. आम्ही लाजेनं मरायचो. आई म्हणायची, लग्नात यानं माझा बुरखा उचलला तोसुद्धा खोट शोधायला."

"त्याच्या नजरेतून निसटलेली नाणी होती ती. पदरचे पैसे देऊन एकेक परत आणत होता."

तिने चहाचा पेला जवळ ओढला. मी उरलेली नाणी एकामागून एक बघत गेलो. सगळी झिजलेली. शेवटचं सोडून.

त्यावरचे पिरॅमिड कालच छापल्यासारखे तीक्ष्ण होते. ठसा तिरका, आणि अंगावर पहिल्या दिवसाची झळाळी. कुठल्याही खिशाने त्याला कधी स्पर्श केला नव्हता.

माझा अंगठा त्यावर जाऊन बसला.

"आणि ते?" सनियाने विचारलं.

"हे माझं. सकाळपासून टेबलावर पडलं होतं, तुझ्या ढिगात मिसळलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. पेला खाली ठेवून तिने बाकीची नाणी डब्यात भरली.

"बाबा बरोबर म्हणायचे," एवढंच बोलून ती गेली.

चाळिसाव्याला मी गेलो. टांकसाळीतले म्हातारे ओळीने बसले होते, मधल्या टेबलावर डबा उघडा ठेवला होता. सनिया मान वर करून एकेकाला दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी देत होती.

या गोष्टीला चार वर्षं झाली. ते नाणं मी दुकानाच्या किल्ल्यांबरोबर खिशात बाळगतो. दर शुक्रवारी काढून भिंगाखाली धरतो. खिशाचं काम फार सावकाश चालतं. पण धाकट्या पिरॅमिडचं टोक आता थोडं बोथट झालं आहे.