चार पानं कमी

खलाशाचं पत्र पंधरा दिवसांनी यायचं. धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात असायची, त्यामुळे अकराच्या पोस्टमनकडून ते ताईच घ्यायची आणि तिच्या उशीवर ठेवायची. ताई वर्षभर माहेरीच होती. तिच्या नवऱ्याचं जहाज लढाईत बुडालं आणि "बेपत्ता" एवढंच कळवणारं पत्र आलं, तेव्हापासून. खलाशी हा त्याचाच दोस्त. त्याच्याबरोबरच तो पहिल्यांदा घरी आला होता, दारात चपला उलट्या काढून ठेवणारा, आणि धाकटीला तेव्हाच आवडला होता.

सुरुवातीला त्याची पत्रं सहा-सहा पानांची असत. स्वयंपाक्याचं सूप, कप्तानाचं घोरणं, आणि मग शेवटची दोन पानं फक्त तिच्यासाठी. तीन महिन्यांपूर्वी ती आटली. सहाची दोन झाली. त्या दोनांतही काहीतरी बिनसल्यासारखं होतं. "म्हणून मी तुला विचारतोय," असं एक पान सुरू व्हायचं, पण काय विचारतोय ते कुठेच नसायचं.

"उरलेली चार पानं दुसरीकडे जात असतील," कारखान्यात शेजारी बसून पुस्तकांचे फर्मे शिवणारी बाई म्हणाली. "खलाशीच तो."

धाकटीने हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिने त्याला तिखट पत्र लिहिलं: हल्ली कोणासाठी वेळ काढतोस? उत्तरात पुन्हा दोनच पानं आली. तिच्या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हतं. तिने आणखी तिखट लिहिलं.

मग एका रविवारी सगळी पाकिटं घेऊन ती खिडकीत बसली. प्रत्येक पाकीट एका कडेला कापलेलं होतं आणि त्यावर तपासणी कचेरीची छापील पट्टी होती. त्यात नवल नव्हतं, सगळ्यांचीच पत्रं तिथे उघडली जात. पण दुसऱ्या बाजूचा मूळ तोंडाकडचा कागद किंचित फुगलेला होता, वाफेवर धरल्यासारखा. तिने नखाने तो उचलला. आत पाकिटाचा चकचकीत डिंक नव्हता. खळ होती, मैद्याची, बारीक गुठळ्यांची. खळ ती रोज हाताळत होती. अंधारात बोट लावूनही ओळखली असती. जुन्या, जाड पाकिटांवर ती नव्हती. गेल्या तीन महिन्यांच्या पाकिटांवर होती.

कारखान्यातली खळ ती स्वतःच वाटीतून घरी आणत असे, वडिलांची, अप्पांची, फाटकी पुस्तकं चिकटवायला. वाटी स्वयंपाकघरात होती.

त्या रात्री ती जेवताना ताईकडे पाहत राहिली. ताईने तिला नेहमीसारखं आग्रहाने वाढलं, आणि त्या आग्रहाचाही तिला संशय आला. दुसऱ्या दिवशी तिने खलाशाला कळवलं: पुढचं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाक.

ते आलं तेव्हा सहा पानांचं होतं. "मी दर वेळी सहाच लिहितो," त्याने लिहिलं होतं. "तू मला खोटारडा म्हणतेस आणि शिट्टीबद्दल अवाक्षर काढत नाहीस. ताईला सांगितलंस की नाही?"

शिट्टी म्हणजे ताईचा नवरा. दातांतून शिट्टी वाजवायचा म्हणून जहाजावर पडलेलं नाव. तपासणीवाल्यांना त्यातून काही कळलं नसतं. धाकटीला कळलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी गेली. ताई शिवणयंत्रावर होती.

"पानं दे," धाकटी म्हणाली.

ताईने कसली पानं ते विचारलं नाही. यंत्राचा खण उघडला आणि गठ्ठा पुढे केला.

शिट्टी जिवंत होता. परक्या बंदरामागच्या गल्लीत बूट शिवत होता, दाढी वाढवून, दुसऱ्या नावाने. दुसऱ्या पत्रात होतं: दुकानात एक बाई होती, ती कोण हे विचारायचा धीर झाला नाही.

"तू माझी पत्रं आधीपासून फोडत होतीस?"

"नाही गं. एकदाच फोडलं, त्याच्या जहाजाबद्दल काही असेल म्हणून. नेमकं तेच निघालं. मग पुढचं प्रत्येक बघावं लागलं."

"मला सांगायचं होतंस."

"तू अप्पांना सांगितलं असतंस. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, जावई देशासाठी गेला म्हणून. आणि बातमी फुटली तर त्याला पळपुटा म्हणून धरतील. गोळी घालतील."

"आणि मी तीन महिने त्या बिचाऱ्याला वाट्टेल ते लिहिलं, ते?"

"ते मला त्याच्या उत्तरांतून दिसत होतं," ताई म्हणाली.

"तरी?"

"तरी."

धाकटी त्या दिवसापासून ताईशी कामापुरतं बोलू लागली. खलाशाची तिने चार पानं भरून माफी मागितली. पाकीट बंद करायच्या आत ताई दाराशी आली. "त्याला म्हणावं, बाई कोण ते विचारू नको. तो कसा आहे तेवढं बघून ये."

महिन्याने उत्तर आलं: दुकानाला कुलूप आहे, माणसं गाव सोडून गेली. धाकटीने ते पान ताईच्या हातात दिलं. ताईने दोनदा वाचलं आणि परत केलं. अप्पांना दोघींनीही सांगितलं नाही.

लढाई संपली. खलाशी उतरला तो डाव्या कानाने बहिरा होऊन. धाकटी धक्क्यावर गेली होती. दोघं मालाच्या पेट्यांवर बसली, आणि पहिली गोष्ट तिने विचारली ती हीच, "मला न लिहिलेलं काही आहे का?"

तो पेटीवरची दोरी सोडवत राहिला. ती त्याच्या उजव्या बाजूला सरकली, ऐकू आलं नसेल म्हणून.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "दुकानाला कुलूप नव्हतं. शिट्टीनेच तसं लिहायला लावलं. हात धरून रडला गं. मला नाही म्हणवेना."

"आणि ती बाई?"

"घरमालकीण. साठीची असेल. तो एकटाच राहतो. परत यायला तोंड नाही म्हणाला."

धाकटीला खलाशाचा राग आला आणि त्याच वेळी त्याचा हात सोडवेना. ताईला हे सांगावं की नाही, यावर तो घरापर्यंत वाद घालत राहिला. मी शब्द दिलाय, असं त्याचं म्हणणं. तू दिलायस, मी नाही, असं तिचं.

तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, अप्पांच्या समोर. अप्पांनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. ताईने यंत्र थांबवलं, सुईखालचं कापड हळूच सोडवून घेतलं.

"तिकडे जाणारं जहाज कधी सुटतं?" तिने खलाशाला विचारलं.