तीन नंबरच्या प्रेसचा अहवाल

तुम्ही खोटं लिहिलंय, विभागप्रमुख साहेब. आडवळणानं बोलायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून सरळ सांगते. तुमच्या अहवालाच्या चौथ्या पानावर आहे, की तीन नंबरच्या प्रेसवरचा अपघात 'पूर्णपणे संवाद अधिकाऱ्याच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे' झाला आणि 'प्रशिक्षण पुस्तिकेत कोणतीही त्रुटी आढळली नाही'. ती संवाद अधिकारी, म्हणजे नव्या कामगारांना त्यांच्या भाषेत काम शिकवणारी, माझी लेक. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सोमवारी समिती बसणार, तुमच्या त्या वाक्याखाली सह्या होणार, मग तिची नोकरी जाणार आणि तुम्हीच दिलेली पदविकाही तुम्हीच काढून घेणार. स्वतःची बोटं स्वतःच तोडली म्हणून पोरगी जन्मभर दोषी. वा!

समितीतल्या बाकीच्या लोकांना मी कोण ते माहीत नाही. त्यांच्यासाठी लिहिते. तुम्हाला पुरतं माहीत आहे.

मी याच कारखान्यात बावीस वर्षं आहे. आम्ही डब्यांची पत्र्याची झाकणं बनवतो. प्रेस खाली आली की झाकण, वर गेली की दुसरा पत्रा. कामाला माणसं येतात ती चार दिशांची, चार भाषांची. त्या चारही मला येतात. कुणाच्या आधी शिव्या शिकले, मग दुखण्याखुपण्याचे शब्द, मग घरच्यांची विचारपूस. लिहिता मात्र ही एकच येते, तीही लेकीची जुनी पुस्तकं वाचून. सातवीत शाळा सुटली. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका, मजकूर तपासा.

आमची तीन नंबरची प्रेस म्हातारी आहे. मोटार बंद केली तरी तिचं मोठं चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्यात वरचा जबडा कधी आपण होऊन खाली येईल त्याचा नेम नाही. पत्रा अडकला आणि हात घालून काढायचा झाला, तर आधी मोटार बंद, मग चाक थांबेपर्यंत थांबायचं, मग जबड्याखाली लाकडी ठोकळा लावायचा, आणि मगच हात. एवढंच शिकवायचं असतं. पण एवढंच शिकवता शिकवता लोकांचे हात गेलेत.

का, तर येणारा नवा माणूस प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतो. समजलं का? हो. दिसलं का? हो. छताला टांगू का तुला? हो. त्याच्या गावी शिकवणाऱ्याला 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे तुम्हाला शिकवता येत नाही असं तोंडावर सांगणं. आणि वडीलधाऱ्याची चूक दाखवणं तर विचारूच नका. समोरचा खड्ड्यात पडेल, पण हा खाकरणारसुद्धा नाही.

म्हणून मी 'समजलं का' विचारणंच सोडलं. नव्या माणसाला शेजारी उभं करायची, एकदा नीट करून दाखवायची, आणि मग त्याच्यासमोर मुद्दाम चुकायची. मोटार बंद, चाक थांबल्याची स्वतःची खात्री, पण ठोकळा न लावता हात हळूहळू आत. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. त्याला घाम फुटायचा. तो फोरमनकडे बघायचा, छताकडे बघायचा, स्वतःच्या चपलांकडे बघायचा. हात आत आत जायचा. शेवटी मीच बाहेर काढून म्हणायची, "माझा हात गेला असता तर तुला चाललं असतं का रे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या दिवशी तो झडप घालून माझं मनगट धरेल त्या दिवशी त्याचं शिक्षण पुरं. त्याआधी प्रेसला बोट लावू द्यायची नाही.

एक मिशीवाला होता, दारात उभा राहिला की उजेड अडायचा एवढा मोठा. त्याला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यानं असं धरलं की मनगट आठवडाभर काळंनिळं. फोरमन म्हणाला, "मावशी, काम शिकवताय की लग्न जमवताय? रोज नवा गडी तुमचा हात धरतोय."

"तुझा कुणी धरत नाही म्हणून जळतोस," मी म्हटलं.

हसा तुम्हीही. पण बावीस वर्षांत मी स्वतः खरोखरची किती वेळा ठोकळा विसरले, ते मोजलं नाही. माणूस विसरतं. डोक्यात घरचं असतं, पाठ दुखत असते. प्रत्येक वेळी कुणीतरी मनगट धरलं. माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत ती माझ्या हुशारीनं नाहीत.

मग तुम्ही आलात. रेकॉर्डर घेऊन, तीन महिने. पालथ्या खोक्यावर बसून मला विचारायचात, हा असं का वागतो, तो तसं का बोलतो. "मावशी, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ," म्हणायचात. मी फुगले, खोटं कशाला बोलू. त्यानंतर वर्षभरात विद्यापीठातल्या तुमच्या विभागाचं माहितीपत्रक आलं: 'आंतरसांस्कृतिक संवाद: शिक्षण आणि नोकरीच्या संधी'. वर पिवळं हेल्मेट घातलेली हसरी मुलगी. आत यादी, कारखान्यात संवाद अधिकारी, इस्पितळात दुभाषी, परदेशी कंपनीत सल्लागार, विद्यापीठात संशोधक. आमच्या कारखान्यानं लगेच एक पद काढलं. मी अर्ज केला. मुलाखतीला टेबलापलीकडे तुम्हीच.

"शिक्षण?"

"सातवी. आणि प्रेसवर वीस वर्षं."

तुम्ही टेबलाच्या लाकडाकडे बघत म्हणालात, "नियमात बसत नाही हो, मावशी."

मी नियमात बसत नाही म्हणून मला पॅकिंगला बसवलं. प्रशिक्षण आता तज्ज्ञांचं काम. मी काय केलं? चिडून घरी आले आणि लेकीला म्हटलं, त्या विभागात नाव घाल. जे मला तोंडपाठ आहे त्याचा कागद तू आण. तिनं आणला. पहिल्या नंबरानं. दोन वर्षांत ती माझी लेक कमी आणि तुमची विद्यार्थिनी जास्त झाली, आणि त्याच पदावर, त्याच प्रेसपुढे उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात घरी वाजलं.

"आई, तुझी ती मुद्दाम चुकायची पद्धत मी वापरणार नाहीये. सर म्हणतात, मोठ्या माणसाला टोकायला लावणं म्हणजे त्यांच्या संस्कृतीवर बळजबरी आहे."

"आणि हात तुटणं?"

"तू प्रत्येक गोष्ट हातावर नेतेस!"

"कारखान्यात हातच असतात गं बाई. तुझे सर काय पायानं झाकणं ठोकतात?"

"त्यांनी पुस्तिका केलीये. प्रशिक्षणार्थी पिवळ्या रेघेमागे उभे. प्रात्यक्षिक होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, पुढे यायचं नाही. शंका शेवटी. मग 'समजलं' असं छापलंय त्याखाली सही."

"आणि सही केली नाही कुणी तर?"

"करतात सगळे."

"करणारच! तेच तर म्हणतेय."

"आई, प्लीज. माझी नोकरी आहे ती, तुझी नाही."

लागलं मला ते. पण मी गप्प बसले. शिकलेली लेक, पहिला नंबर, तिच्या शिक्षणाचा मान ठेवला. माझी चूक शोधत असाल तर ती एवढी. लिहून देते.

मंगळवारी साडेअकराला मी पॅकिंगमध्ये होते. चार नवी माणसं होती तिच्यासमोर, रेघेमागे, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे हात मागे बांधून. ती त्यांच्याच भाषेत समजावत होती. छान बोलते ती, माझ्यापेक्षा शुद्ध. बोलता बोलता मोटार बंद केली, बोलता बोलता चाकाकडे बघायची राहिली, ठोकळा पायाशी पडलेला राहिला, आणि हात आत. लपवत नाही मी. ती विसरली. पण ती विसरली ते चौघांना दिसलं. ठोकळा लावायचा हे तिनं दहा मिनिटांपूर्वीच त्यांना सांगितलं होतं.

मी पोहोचले तेव्हा मिशीवाल्यानं तिच्या हाताभोवती स्वतःचा शर्ट गुंडाळला होता. तो पलीकडच्या दोन नंबरवर होता, तिथून धावत आला होता. ते चौघं अजून रेघेमागेच उभे. त्यातला सगळ्यात थोराड, तो माझ्या आईच्या भाषेचा. लेकीला गाडीत घातल्यावर मी त्याची कॉलर धरली.

"बघत होतास ना?"

"बघत होतो, मावशी."

"ठोकळा नव्हता, दिसलं ना?"

"दिसलं."

"मग तोंडात काय बोळा होता?"

तो रडत होता. एवढा बाप्या, नाक पुसत. म्हणाला, "मॅडम शिकलेल्या. मला वाटलं, शिकलेल्यांची वेगळी रीत असेल. आणि रेघ ओलांडू नका म्हणाल्या होत्या."

मी कॉलर सोडली. याच्यावर कसली रागावू? तो तुमची पुस्तिका अक्षर न अक्षर पाळत होता. खाली 'समजलं'वर चौघांच्या सह्या आहेत, सकाळीच घेतलेल्या. अहवालाला त्या सह्यांच्या प्रती जोडल्यात तुम्ही, पुरावा म्हणून! लाज कशाशी खातात हे विचारायलाच हवं का?

आता मी एक कागद जोडते. पुस्तिकेचा कच्चा मसुदा. फोटोतल्या माणसांची नावं सांगा म्हणून तुम्हीच मला दिला होतात, परत मागायला विसरलात. त्यात सहावं प्रकरण आहे, 'मनगट धरण्याची पद्धत'. माझं अख्खं बोलणं, शब्दाला शब्द. आणि प्रकरणावर तिरकी हिरवी रेघ, शेजारी तुमच्या अक्षरात: 'काढावे. प्रशिक्षणार्थींच्या परंपरेचा अनादर. विभागाच्या प्रतिमेस बाधक.' सही, तारीख.

परंपरेचा अनादर! ज्यांच्या परंपरेची तुम्हाला एवढी काळजी, त्यांच्यातल्या एकाला तरी विचारलंत का? मला विचारलंत? मिशीवाल्याला? त्यानं सांगितलं असतं, की पहिल्यांदा माझं मनगट धरलं त्या दिवशी त्यानं घरी बायकोला फोन करून सांगितलं, इथे आपलं ऐकतात म्हणून.

आणि काल तुम्ही घरी आलात. सफरचंदांची पिशवी घेऊन. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून स्टुलावर बसलात. लेक समोर, हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं अक्षरं गिरवत होती, पहिलीतल्या पोरासारखी. तिची चौकशी एका वाक्यात उरकलीत आणि माझ्याकडे वळलात.

"मावशी, विभागात नवं पद येतंय. अनुभवाधारित व्याख्याता. शिक्षणाची अट शिथिल करून घेतोय मी. तुमचं प्रकरणही पुढच्या आवृत्तीत घेऊ, तुमच्या नावानं."

"अहवालाचं काय?"

"तो आता गेला हो समितीकडे. त्यात कशाला पडता? तुम्ही आक्षेप घेतलात तर मग तुमची नेमणूक... अडचण होईल. शुक्रवारपर्यंत कळवा."

तुम्ही गेल्यावर लेक म्हणाली, "आई, घे."

"काय घे?"

"ते पद. माझं गेलंच आहे. तुझं तरी होऊ दे. तुला हवं होतं ना?"

"मला काय हवं ते तू नको सांगूस."

"खोटं नको बोलूस, आई. दोन वर्षं बघतेय मी तुला त्या माहितीपत्रकावरून हात फिरवताना."

खरं आहे. मला हवं होतं. आजही हवंय. वर्गात उभं राहावं, समोर वह्या उघडलेल्या असाव्यात, कुणी 'मावशी' न म्हणता 'मॅडम' म्हणावं, हे मला हवंय, आणि तुम्हाला ते माहीत होतं म्हणून तर तुम्ही सफरचंदं घेऊन आलात. पण मी त्या वर्गात जाऊन पहिल्या दिवशी काय शिकवू? माझ्या मुलीची चूक म्हणून लिहिलेल्या अहवालावर मी गप्प राहिले, म्हणून इथे उभी आहे, हे?

तेव्हा शुक्रवारी मी कळवणार नाही. तुम्ही कळवायचंय. 'पुस्तिकेत त्रुटी आढळली नाही' हे वाक्य तुम्ही खोडणार आहात का? सहावं प्रकरण कुणी काढलं आणि का काढलं, हे तुमच्या नावासह अहवालात लिहिणार आहात का? समितीपुढे माझ्या लेकीला समोर बसवून तिला दोषी म्हणण्याची हिंमत आहे का तुमच्यात?

हो की नाही, ते लिहा. खाली सही करा. मी पॅकिंगला असते, सकाळी आठ ते चार. मला उत्तर पाहिजे.