विहिरीच्या पाण्यातले मूग

मे महिन्यात पोरं घरात असली की घराचा उकिरडा होतो. म्हणून २००६ च्या सुट्टीत खरवई गावच्या बुधाजीने आपल्या नातीला, नेत्राला, अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेतल्या विज्ञान शिबिरात घातलं. तिथे हरिचंद्र सर होते. "आधी हात चालवा, डोकं मागून येतं," असं म्हणणारा माणूस.

सरांनी सगळ्यांना घरून प्यायचं पाणी आणायला सांगितलं. वाटीत कापूस, कापसावर मूग, मुगांवर आपापलं पाणी. बाकी सगळ्यांच्या मुगांना मोड आले. नेत्राचे बुळबुळीत होऊन कुजले. पोरं खिदळली. सरांनी तिला दुसरे मूग दिले, तेही कुजले. मग सरांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं."

"घरी सांग, हे पिऊ नका. मी तपासायला पाठवतो, पण तोवर थेंबही पिऊ नका."

ही विहीर बुधाजीच्या बापाने खणलेली. शेताच्या आता भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या आणि बांधापलीकडच्या नाल्यात कारखान्यांचं पाणी वाहत होतं. यंदा विहिरीचं पाणी मचूळ लागे, तर सगळ्यांनी दोष उन्हाळ्याला दिला. उन्हाळा बिचारा काय बोलणार!

भाडेकरूंत महेंद्र आणि त्याची बायको स्वप्नाली होती. स्वप्नालीला सातवा महिना. पहिलं मूल पोटातच गेलेलं, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला, नेत्राचा तर जास्तच. महेंद्र खोली शोधत फिरला, तेव्हा आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. बुधाजीने फक्त, "दारू पितंस का?" एवढंच विचारलं आणि विहीर दाखवून म्हणाला, "पानी हितनं भरा." महेंद्र हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या आजीला गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतेपर्यंत ताटकळावं लागे.

नातीचं ऐकून बुधाजी आधी चिडला. मग त्याने स्वतः मूग भिजवले, फडक्यात बांधले, वर पाट ठेवला. जन्म बियाण्यात गेलेला माणूस. फडकं सोडलं, कुजका वास घेतला आणि मूग उकिरड्यात नेऊन पुरले.

त्यानंतर त्याने शहाणपणाचं काम मूर्खासारखं केलं. बापाच्या विहिरीत विष आहे, हे म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने विहिरीवर पत्रा टाकला, कुलूप ठोकलं आणि अंगणात ओरडला, "आजपासून हिरीवर कोनी येवाचा नाय! नलावर जा."

महेंद्र ड्युटीवरून आला, तो कुलपापाशीच थांबला. "काय झालं बाबा? दोन वर्षं चाललं, आज काय झालं?"

"सांगतंय ना, येवाचा नाय."

"का पण?"

बुधाजी पुटपुटला, "पानी खराब झालाय."

महेंद्र हसला. ऐकवत नव्हतं ते हसणं. "आमच्या आजीलापण हेच सांगायचे. तुम्ही हात लावला, पाणी खराब झालं."

"तसं नाय रं पोरा..."

महेंद्रने दगड उचलून कुलूप फोडलं. बुधाजीने अडवलं नाही. आता अडवलं तर काय दिसेल, हे त्या म्हाताऱ्याला कळत होतं आणि त्यानेच घात झाला. बादली वर आली. महेंद्र स्वतः घटाघट प्यायला आणि तांब्या भरून त्याने बायकोपुढे धरला. "पी. सगळ्यांसमोर पी."

"काकू, नको!" नेत्रा धावली. "माझे मूग कुजले त्यात. सरांनी सांगितलंय, पिऊ नका!"

"आजोबांनी पढवलं का?" महेंद्र म्हणाला.

स्वप्नालीने तांब्या घेतला. नेत्राला काही सुचेना. तिने झेप घेऊन काकूच्या हातावर फटका मारला. तांब्या घरंगळत गेला, पाणी स्वप्नालीच्या साडीवर सांडलं. मालकाच्या नातीने त्यांच्या तोंडचं पाणी उडवलं होतं, सगळ्यांना एवढंच दिसलं.

महेंद्रने वाकून तांब्या उचलला आणि पुन्हा भरून बायकोपुढे धरला.

स्वप्नालीने नेत्राकडे पाहिलं. पोर खोटं बोलत नाही, हे तिला कळलं असावं. मग तिने नवऱ्याचा पुढे आलेला हात पाहिला, त्याच्यामागे बघत थांबलेलं अख्खं अंगण पाहिलं. तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्याने तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.