दुसरं पाखरू

मनोहरराव घरी काही आणतात तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, हे इंदूला नऊ वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं. मागे एकदा लुगडं आणलं, तर दुसऱ्याच दिवशी नणंदेच्या बाळंतपणासाठी इंदूच्याच पाटल्या मागितल्या. दिवाळीत संत्र्यांची टोपली आणली, तर त्याच संध्याकाळी कचेरीतली मंडळी जेवायला दारात हजर. म्हणून माघातल्या एका संध्याकाळी ते लोखंडी पिंजरा घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या बिऱ्हाडाचा जिना चढले, तेव्हा तिने पाखराकडे आधी पाहिलंच नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे काय आणलं?"

"लव्हबर्ड म्हणतात याले. सिव्हिल लाइन्सचे एक साहेब विलायतेले चालले. त्यायच्या बंगल्याचा लिलाव होता. म्हटलं, तुले घरात करमत नाही, घेऊन जावं."

करमत नाही म्हणे! नऊ वर्षांत हे आजच बरं ध्यानात आलं. इंदूने मग पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. राघूपेक्षा पुष्कळ लहान, आखूड शेपटीचं, हिरवंगार पाखरू होतं. गाल मात्र कुणी गुलाल चोपडल्यासारखे. ते अंग चोरून कोपऱ्यात बसलं होतं आणि तिच्याइतक्याच संशयाने तिच्याकडे पाहत होतं.

"एकच आहे?"

"एकच होता," मनोहरराव म्हणाले आणि टोपी खुंटीला लावायला वळले.

इंदूच्या मनातली भीती काय होती ते सांगायला हवं. तिला मूल नव्हतं. सदतीस सालातली गोष्ट. दुसरी बायको करायला ना सरकार आडवं येत होतं, ना जातगोत. त्याच गल्लीत दोन घरांमध्ये सवती नांदत होत्या आणि त्यातली थोरली कशी नांदते ते इंदू रोज नळावर पाहत होती. गेल्या वर्षापासून मनोहररावांनी मुलाचा विषय काढणं एकदम बंद केलं होतं. आधी ते चिडायचे, नवससायास करायला लावायचे, वैद्याकडे न्यायचे. आता एक शब्द नाही. बोलणाऱ्या नवऱ्याची भीती तिला कधी वाटली नव्हती, पण या गोड गप्प बसण्याने तिची झोप उडाली होती.

आता पाखरू आलंच आहे तर सांभाळायला हवं. राघू सगळ्यांनी पाळलेला असतो, तसाच हाही, असं समजून इंदूने पिंजऱ्यात हिरवी मिरची खोचली, भिजवलेली चण्याची डाळ ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ "मिठू मिठू" असा पाढा लावला. पाखराने मिरची उचलून बाहेर फेकली, डाळीला शिवलं नाही आणि मिठू म्हणायला जवळ गेलेल्या बोटाचा असा लचका घेतला की रक्त आलं. गळ्यातून शब्द म्हणून काढला नाही.

"मेमसाहेबानं सांगतलं होतं," मनोहरराव म्हणाले, "राळे टाकायचे, पालक-काकडी द्यायची. अन् एकटंच ठेवायचं. एकटं असलं का लवकर माणसाळते. आरसासुद्धा दाखवायचा नाही."

शेजारच्या यमुताईंचे यजमान पूर्वी रेल्वेत कलकत्त्याला होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल यमुताईंना कलकत्त्याचं काहीतरी ठाऊक असे. त्यांनी पिंजरा पाहिला आणि गालावर बोट ठेवलं.

"अवं इंदू, हे एकटे नसतात वं! कलकत्त्याले मी सतरा वेळा पायलं. जोडीनंच विकतात. तोडून कोणी देतच नाही. याचं दुसरं कुठं आहे मंग?"

"एकच होतं म्हणे."

"असंन बाई," यमुताई म्हणाल्या, आणि जाताना पिंजऱ्याकडे पुन्हा एकदा वळून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात गुलाबाची कलमं विकणारा रुपराव दारावर आला. लिलाव झालेल्या त्याच बंगल्यात तो माळीकाम करायचा, आता काम सुटल्याने गल्लोगल्ली फिरत होता. पिंजरा पाहताच त्याचा चेहरा फुलला.

"हा तर आमच्या मेमसाहेबाचा! दुसरा कुठं ठेवला बाई? तुमच्या मालकानं दोन्ही नेले ना. पिंजरेही दोन, माह्याच हातानं टांग्यात ठेवले."

इंदूने गुलाबाचं एक कलम घेतलं, त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर दार लावून भिंतीला टेकून बसली. रात्री ताट वाढताना तिने पुन्हा विचारलं, "लिलावात याची जोडी नव्हती काय?"

"किती वेळा सांगू वं? एकच होता म्हटलं ना!" मनोहरराव खेकसले आणि घटाघटा पाणी प्याले.

म्हणजे दुसरं पाखरू होतं, आणि ज्या घरात ते होतं त्या घराचं नाव तिला सांगण्याजोगं नव्हतं.

त्या दिवसापासून इंदूने दोन कामं बरोबरच हाती घेतली: पाखराला माणसाळवायचं आणि नवऱ्याला पकडायचं. दोन्हींची रीत एकच निघाली. टक लावून पाहायचं नाही, एकदम अंगावर जायचं नाही, आपलं काही काम चालू आहे असं दाखवून जवळ बसायचं. तांदूळ निवडता निवडता ती पिंजऱ्याशी बसे. हळूच दार उघडून तळहातावर राळे घेऊन हात आत ठेवी आणि हाताला मुंग्या आल्या तरी हलवत नसे. पाखरू आधी दांडीवरून फुत्कारायचं. मग मान वाकडी करून दाणे न्याहाळायचं. मग एक दाणा उचलून पळायचं. नवऱ्याचंही तसंच चालू होतं. ती कोटाला लागलेली धूळ पाही, धोतराला कुठे हळद-कुंकू लागलंय का पाही, आणि गोड आवाजात, "आज उशीर झाला काय जी?" एवढंच विचारी. पाखरू दोघांत जास्त सरळ निघालं. ते होळीच्या सुमारास तिच्या बोटावर येऊन बसलं. तिने त्याचं नाव पाचू ठेवलं.

पाचू पहाटे ओरडे. एक कर्कश हाक मारी, मग थांबून, मान ताठ करून ऐकत बसे. उत्तर येत नसे. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. इंदू अंथरुणात पडून ते ऐके. महिनाभराने हाका बंद झाल्या आणि पाचूने वेगळाच उद्योग सुरू केला. पिंजऱ्याच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या चोचीने लांब लांब पट्ट्या फाडायच्या आणि एकेक करून शेपटीजवळच्या पिसांत खोचायच्या. इंदूने विळीवरचा हात थांबवून पाहिलं. मनोहरराव तर हा नर आहे म्हणत होते. कसला नर! ही मादी होती आणि घरट्यासाठी काड्या गोळा करत होती. एकटीच्या पिंजऱ्यात कशाचं घरटं आणि कशाची अंडी? इंदूला हुंदका आवरला नाही. पाचू आपली पट्टी खोचण्यात दंग होती.

आता संशयाला घर हवं होतं, ते इंदूला धंतोलीत सापडलं. मनोहररावांचे मित्र भैयाजी तिथे राहत आणि त्यांच्याकडे शनिवारी पत्त्यांचा अड्डा जमे. भैयाजींची भाची देवकी मुलींच्या शाळेत शिकवायची, अजून लग्नाची होती, आणि इंदूने तिला एकदा केसात फूल माळलेली पाहिली होती. संशयाला याहून जास्त लागतं का? चैत्रातलं हळदीकुंकू सांगण्याचं निमित्त करून इंदू धंतोलीला गेली. पाचूला बरं नाही, वैद्याला दाखवायचंय असं सांगून कापड झाकलेला पिंजराही सोबत नेला. दुसरं पाखरू या घरात असेल तर पाचू गप्प बसणार नाही, एवढं तिने हेरलं होतं.

देवकीने आंब्याची डाळ दिली, पन्हं दिलं, सगळं घर हिंडून दाखवलं. पाचूने चकार शब्द काढला नाही. उलट निघताना देवकीने इंदूचा हात धरला आणि म्हणाली, "इंदुताई, तुम्ही किती वाळल्या! माहेरी जाऊन या ना चार दिवस."

इंदूला स्वतःची इतकी लाज वाटली की टांग्यात ती रडली. त्या भल्या मुलीबद्दल आपण काय काय मनात आणलं! माहेरी जायचं तर तिच्या कधीचं मनात होतं. पण खाप्यात देवीची साथ आहे, तुझ्या आईनेच निरोप दिलाय, येऊ नको म्हणून, असं मनोहरराव संक्रांतीपासून सांगत होते. आता ते सावनेरकडे दौऱ्यावर गेले होते. देवी तर देवी, असं म्हणून इंदूने दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावलं. पाचू तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नव्हती, म्हणून पिंजरा घेतला, आणि सिताबर्डीहून खाप्याची मोटर पकडली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

खाप्यात साथबिथ काही दिसली नाही. पोरं कन्हान नदीवरून ओल्या अंगाने पळत येत होती. माहेरच्या अंगणात सडा पडला होता, रांगोळी होती, आतून पुरणाचा वास येत होता. ओसरीवर सतरंजी टाकत असलेले वडील, गणपतराव, तिला पाहून तसेच वाकून राहिले.

"इंदे? तू? आज काहून आली?"

"काहून म्हणजे? माहेरी यायले मुहूर्त लागते काय बाबा?" ती हसून म्हणाली.

तेवढ्यात कापडाखाली पाचू किंचाळली. मग पुन्हा. पिंजरा इंदूच्या हातात हिसके देऊ लागला. आणि आतल्या खोलीतून, अगदी तसाच, कर्कश आवाजात जबाब आला.

इंदूने सगळ्या नागपुरावर संशय घेतला होता. यमुताईंवर घेतला, देवकीवर घेतला, दूधवालीवरसुद्धा घेतला. या उंबरठ्यावर घ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती वडिलांकडे न पाहता सरळ आत गेली.

आत खिडकीशी तसाच लोखंडी पिंजरा होता. त्यात तसंच गुलाबी गालांचं पाखरू गजांवर आपटत होतं. शेजारी तिची धाकटी बहीण शामला नवं कोरं लुगडं नेसून बसली होती. सोळा वर्षांची पोर. बहिणीला पाहून ती उठून गळ्यात पडली.

"ताई, तू आली! भाऊजी म्हणत होते, तू लग्नालेच येशील, साक्षगंधाले तुले जमणार नाही. बरं झालं वं, आली ते."

"कोणाचं साक्षगंध? कोणाचा साखरपुडा?"

शामला मागे सरली. "तूच तर हट्ट धरला ना ताई? सवत आणायची तर माही बहीणच आणा, म्हणून? भाऊजी तसंच बोलले. पाखरू बी तूच धाडलं म्हणाले."

इंदूने पाचूचा पिंजरा खाली ठेवला आणि दार उघडलं. हाताला सुचलं ते केलं, बस. पाचू भर्रकन उडाली आणि दुसऱ्या पिंजऱ्याच्या गजांना बिलगली. दोघांच्या चोची गजांमधून एकमेकांत अडकल्या. इतके दिवस जिच्या बोटावर बसली, तिच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

आई दारात आली होती. हाताला पुरण लागलेलं.

"माय, तुले ठाऊक होतं?"

"बाहेरची आणली असती तर तुले घराबाहेर काढलं असतं तिनं," आई रडत म्हणाली. "ही आपली आहे. तुले म्हतारपणी पाणी देईन. आमी तुझ्याच भल्याचं..."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

आई हाताचं पुरण पदराला पुसू लागली. इंदूला राग आला, आणि असा आला की हातपाय एकदम स्थिर झाले. तिने शामलाला समोर बसवलं.

"खरं सांग. तुले पाहिजे हे लग्न?"

"मले कोणी विचारलंच नाही ताई. तुझं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं."

बाहेर दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आई पुढे होऊन इंदूचा हात ओढू लागली. "इंदे, तू आत बस वं. चार माणसं येऊन राहिली. तमाशा नको. रात्री बोलू."

इंदूने हात सोडवून घेतला. चुलीजवळचा पाट उचलला, ओसरीच्या दाराशी आणला आणि नेमका उंबरठ्याच्या आत, वाट अडेल असा मांडून त्यावर बसली. दमणीतून भैयाजी उतरले. त्यांच्यामागून नवं उपरणं घेतलेले मनोहरराव उतरले. अंगण ओलांडून, पायरीशी येऊन, एक जोडा काढून दुसऱ्याला हात घातला आणि वर पाहिलं. तसेच एका पायावर उभे राहिले.

"या जी," इंदू म्हणाली. "शामलेनं हो म्हटलं ते माझ्यासाठी होतं. माझं म्हणणं 'नाही' आहे. आता माझ्यासमोर तिले पुन्हा विचारा."

शामला आतून आली. तिने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. मग मोठ्याने, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही."

गणपतराव सतरंजी गुंडाळू लागले. मनोहररावांनी भैयाजींकडे पाहिलं, भैयाजींनी बैलांकडे. मग मनोहरराव खाली वाकले आणि काढलेला जोडा पुन्हा पायात घालू लागले.